गच्चीवरच्या टाकीपासून शिकवा

लातूरच्या ट्यूशन एरियातल्या किंवा नांदेडच्या डॉक्टर लेनमधल्या एखाद्या चार-पाच मजली इमारतीच्या गच्चीवर चढून बघा. एका कोपऱ्यात सिमेंटची मूळ टाकी असते आणि तिच्याभोवती काळ्या-पांढऱ्या प्लास्टिकच्या टाक्यांची गर्दी. नळाला रोज पाणी येत नाही, म्हणून ज्याने-त्याने आपापली टाकी वर चढवलेली. हजार लिटरची टाकी भरली की तिच्यातल्या पाण्याचंच वजन एक टन होतं आणि ते साधारण एक चौरस मीटर जागेवर बसतं. माणसांची ये-जा असलेल्या गच्चीचा स्लॅब काढताना आपल्या मानकाप्रमाणे दर चौरस मीटरला चल भार धरतात दीडशे किलो. एखादी टाकी बीमच्या डोक्यावर असली तर निभावून जातं. स्लॅबच्या मधोमध ओळीने आठ टाक्या मांडल्या तर तो स्लॅब रोज उसना जीव घेऊन उभा असतो.

या टाक्या तिथे ठेवायचं कोणी ठरवलं? आरसीसी डिझाइन करणारा ड्रॉइंग देऊन कधीच मोकळा झाला. प्लंबरला दाब कळतो, वजन हा त्याचा विषय नाही. सोसायटीच्या सचिवांना टँकरचं बिल दिसतं. कुठला व्हॉल्व्ह कोणत्या विंगचा हे फक्त वॉचमनला ठाऊक, तेही डोक्यात, कागदावर नाही. तो पंधरा दिवस गावी गेला की अख्खी बिल्डिंग पाण्यासाठी फोन करत बसते. प्रत्येकाला आपापला तुकडा नीट येतो. तुकडे जोडायला मात्र कोणालाच शिकवलेलं नाही.

म्हणून पाणी, वीज, हवा, निचरा, अग्निसुरक्षा, लिफ्ट या इमारतीतल्या यंत्रणांची रचना आणि इमारत चालवण्याचं काम हे दोन विषय वेगळे शिकवू नयेत, असं माझं ठाम मत आहे. ते एकाच वर्गात, उभ्या इमारतीत, आणि रचना करणाऱ्याला व चालवणाऱ्याला शेजारी बसवून शिकवावेत. नांदेड-लातुरातले तंत्रनिकेतनातले शिक्षक, अभियांत्रिकी महाविद्यालयं, इंजिनिअर मंडळींच्या संघटना आणि पंचवीस-तीस वर्षं साइटवर घालवलेले ज्येष्ठ अभियंते यांच्यासाठी हे लिहितो आहे. यातलं कोणीही असा वर्ग सुरू करू शकतं.

हे इथे आधी झालेलं आहे

कामातल्या माणसांना बांधकाम शिकवण्याचा फार मोठा प्रयोग याच मातीत झाला. ३० सप्टेंबर १९९३, पहाटे ३ वाजून ५६ मिनिटं, किल्लारीचा भूकंप. किल्लारी परिसरातली घरं रुंद दगडी भिंतींची होती, दगड मातीत रचलेले. वर लाकडी खण आणि त्यावर जाड मातीचं माळवद. त्या माळवदाने पिढ्यान् पिढ्या उन्हाळे सुसह्य केले आणि दरवर्षी थोडी माती वर पडत ते जड होत गेलं. त्या पहाटे तेच वजन झोपलेल्या माणसांवर आलं. सुमारे दहा हजार माणसं गेली.

नंतरच्या पुनर्वसनात ५२ गावं नव्या जागी वसली, हे सगळ्यांना आठवतं. पण लातूर आणि तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्यात, आणि त्याबाहेरही, तडे गेलेली पण उभी राहिलेली लाखाहून अधिक घरं होती. त्यांची दुरुस्ती आणि मजबुती सरकारच्या मदतीने घरमालकांनीच करायची होती. माळवदावरची माती कमी करायची, भिंतीच्या दोन थरांना आरपार जोडणारे बंध घालायचे, छताखाली सळईचा पट्टा फिरवायचा, खांब आणि तुळईच्या सांध्यात तिरके टेकू बसवायचे, असं ते काम होतं. प्रेमा गोपालन यांच्या ‘स्वयम् शिक्षण प्रयोग’ या संस्थेने गावोगावच्या महिला मंडळांतल्या बायकांना यात ‘संवाद सहायक’ म्हणून उभं केलं. योजना काय, पैसा कसा येणार, सळई कुठे हवी, मिस्त्री काय चुकवतो आहे, हे त्या बघू आणि बोलू लागल्या. गावात एखादं घर नमुना म्हणून आधी मजबूत करून दाखवलं जाई आणि मग बाकीच्या घरांना हात घातला जाई.

त्या प्रयोगातल्या दोन गोष्टी मला आजच्या वर्गासाठी जशाच्या तशा घ्याव्याशा वाटतात. शिक्षण भिंतीसमोर झालं. आणि एकाच भिंतीसमोर घरमालकीण, मिस्त्री आणि कनिष्ठ अभियंता असे तिघं उभे राहिले. तेव्हा प्रश्न माळवदाच्या वजनाचा होता. आज गच्चीवरच्या पाण्याच्या वजनाचा आहे. २०२४ च्या २१ मार्चला आणि १० जुलैला हिंगोलीजवळ केंद्र असलेले ४.५ तीव्रतेचे धक्के नांदेडपर्यंत जाणवले, तेव्हा हा विषय शिळा झालाय असं कोणी समजू नये.

तुकडी कशी जमवाल

वीस माणसं पुरे. त्यात सहा-सात सिव्हिलचे डिप्लोमा-डिग्रीवाले घ्या, तीन-चार वायरमन किंवा विद्युत ठेकेदार, तेवढेच प्लंबर, एखाद्या रुग्णालयाचा मेंटेनन्स बघणारा, दोन हॉस्टेलमालक, दोन-तीन सोसायट्यांचे सचिव, यात्री निवासाचा व्यवस्थापक आणि जमल्यास महापालिकेतला एक कनिष्ठ अभियंता. ‘पातळी एक नाही, मग शिकवायचं कसं’ ही शंका लगेच येईल. उत्तर सोपं आहे, जोड्या लावा. ज्याचं गणित चांगलं त्याच्या शेजारी ज्याचा हात चांगला तो बसवा. डिप्लोमावाल्या मुलाने सूत्र मांडायचं, प्लंबरने ते नळावर खरं आहे का ते बघायचं. एक पथ्य मात्र कडक पाळा. पन्नाशीच्या मिस्त्रीला पोरांसमोर चुकीचं ठरवू नका. त्यांना ‘मामा, तुम्ही हे कसं करता ते आधी दाखवा’ म्हणा, मग सूत्र त्यांच्या पद्धतीशेजारी मांडा. एकदा मान गेला की तो माणूस दुसऱ्या दिवशी येत नाही आणि त्याच्यासोबत वर्गातलं निम्मं ज्ञान निघून जातं.

वेळ ठरवताना कॉलेजचं वेळापत्रक बाजूला ठेवा. साइट सुटायला संध्याकाळचे सात होतात. मजुरांच्या बाजारच्या दिवशी काम थंड असतं, तो दिवस तुमच्या गावाप्रमाणे शोधा आणि त्या दिवशी सकाळी तीन तास घ्या. आठवड्यातून एकदा संध्याकाळी दीड तास गणितासाठी पुरतो. लग्नसराईत आणि दिवाळीच्या पंधरवड्यात वर्ग ठेवूच नका.

अखिल भारतीय तंत्रशिक्षण परिषदेने २०२३-२४ पासून नोकरी करणाऱ्यांसाठी सोयीच्या वेळेतले पदविका-पदवी अभ्यासक्रम चालवायची वाट मोकळी केली आहे. विष्णुपुरीची श्री गुरु गोबिंदसिंहजी संस्था, नांदेडचं शासकीय तंत्रनिकेतन, लातूरचं पूरणमल लाहोटी तंत्रनिकेतन, बिडवे महाविद्यालय अशा जागा, प्रयोगशाळा आणि माणसं आपल्याकडे आहेत. पण परवानगीची फाइल पुढे सरकेपर्यंत थांबायची गरज नाही. छोटा अभ्यासवर्ग कोणीही आजच सुरू करू शकतो. फक्त पहिल्या दिवशी स्पष्ट सांगा, की या वर्गाने वायरमनचा परवाना मिळत नाही, अग्निसुरक्षेचं प्रमाणपत्र द्यायचा अधिकार मिळत नाही, स्ट्रक्चरल ऑडिटवर सही करता येत नाही. जे मिळणार नाही ते लपवून फी घेणं हा शिकणाऱ्याचा विश्वासघात आहे.

पहिला दिवस: पाण्यामागे चाला

पहिल्या दिवशी फळा नको, स्लाइडही नकोत. एक इमारत ठरवा आणि नळाच्या मीटरपासून सुरुवात करा. पाणी कुठून येतं, खालच्या हौदात कसं पडतं, मोटर कुठे, वर चढणारा पाइप कुठल्या डक्टमधून जातो, टाकीतून उतरणारे पाइप किती, कुठे कॉक, कुठे व्हॉल्व्ह, कुठे गळती. सगळ्यांनी पाण्यामागे चालायचं आणि वहीत हाताने रेखाटायचं. प्रमाणबद्ध नसलं तरी चालेल. संध्याकाळी वीस चित्रं शेजारी मांडा. एकाही चित्रात सगळे व्हॉल्व्ह सापडणार नाहीत. ती कमतरता दिसणं हाच त्या दिवसाचा धडा.

मग दाब शिकवा. यासाठी पुस्तकातल्या द्रवस्थितीच्या प्रकरणापासून सुरू करू नका. गवंड्याच्या पिशवीत लेव्हल नळी असते. ती पारदर्शक नळी दोन टोकांना धरून तो प्लिंथची पातळी काढतो. दोन्ही टोकांना पाणी एकाच उंचीला का येतं, हे त्यालाच विचारा. तिथून ‘पाण्याच्या उंचीवर दाब ठरतो’ ही गोष्ट दोन वाक्यांच्या अंतरावर आहे. दहा मीटर उंचीला साधारण एक किलो प्रति चौरस सेंटिमीटर दाब, एवढं एकच पाठ करून घ्या. आता साधा प्रेशर गेज घेऊन सगळ्यात वरच्या मजल्यावर जा. टाकीतलं पाणी नळापासून तीन मीटरवर असेल तर काटा ०.३ च्या आसपास थांबतो. तळमजल्यावर तोच दीडच्या जवळ जातो. वरच्या मजल्यावरच्या काकू वर्षानुवर्षं तक्रार करतात की शॉवरला धार नाही, आणि प्लंबर वर्षानुवर्षं शॉवर बदलून देतो. गेज हातात घेतलेला माणूस पुन्हा शॉवर बदलणार नाही.

एका हॉस्टेलचं गणित

लातूरच्या वर्गासाठी हॉस्टेलसारखा दुसरा धडा नाही. दहावी-बारावी, नीट, जेईईसाठी आलेली मुलं शेकड्यांनी एका रस्त्यावर राहतात. समजा १२० मुलांचं हॉस्टेल आहे. मानकाप्रमाणे माणशी रोज १३५ लिटर धरायचं, म्हणजे १६,२०० लिटर झाले. पुस्तक म्हणेल, एका दिवसाचा साठा ठेवा. इथेच थांबा आणि वर्गाला विचारा, तुमच्या वॉर्डात पाणी किती दिवसांनी येतं? पाच दिवसांनी आलं तर साठा ८१,००० लिटरचा हवा. म्हणजे सहा मीटर लांब, ५.४ मीटर रुंद आणि अडीच मीटर पाण्याची खोली, असा हौद. इतकं पाणी गच्चीवर ठेवायचं म्हटलं तर ८१ टन होतं, म्हणून ते जमिनीखालीच जायला हवं आणि वर फक्त अर्ध्या दिवसाची टाकी, आठ हजार लिटरची, तीही कॉलमवर उतरणाऱ्या बीमवर. प्लॉट आखतानाच हौदाची जागा सोडली नाही तर पुढे प्लास्टिकच्या टाक्या गच्चीवर चढणारच. रचनेतली चूक आणि देखभालीतलं संकट ही एकाच दोरीची दोन टोकं आहेत, हे वर्गाला इथे कळतं.

पुढचा हिशेब विजेचा. तेच १६,२०० लिटर पाणी हौदातून वीस मीटर वर चढवायला शास्त्राप्रमाणे जेमतेम ०.९ युनिट लागतं. मोटरच्या मीटरवर रोज साडेतीन युनिटं पडत असतील तर पंप आणि मोटर मिळून फक्त पाव शक्ती कामाला येते आहे. पंप चुकीचा निवडला असेल, पाइप बारीक असेल, फूट व्हॉल्व्ह गळत असेल. कारण शोधायला वर्गाला आठ दिवस द्या. मग विचारा, हेच पाणी सहाशे फूट खोल बोअरमधून काढलं तर? आठ युनिटं नुसत्या शास्त्राची, आणि प्रत्यक्षात त्याच्या दुप्पट-अडीचपट. पाण्याचं बिल आणि विजेचं बिल हे एकच बिल आहे, हे अशाने हॉस्टेलमालकाच्या डोक्यात पक्कं बसतं.

पावसाचं पाणीही याच हिशेबात आणा. लातूरला वर्षाला सरासरी ८०० मिलिमीटरच्या आसपास पाऊस धरला, गच्ची ३०० चौरस मीटर, आणि पडलेल्यातलं ८० टक्के हाती आलं, तर १,९२,००० लिटर होतं. ऐकायला मोठं वाटतं, पण या हॉस्टेलला ते बारा दिवस पुरेल. ते बोअरच्या पुनर्भरणाला सोडणं शहाणपणाचं आहे, पण त्यावर वर्ष निघेल असं कोणाला सांगू नका. एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून जलदूत रेल्वेगाडीने पहिल्या खेपेला पाच लाख लिटर पाणी लातूरला आणलं, तेव्हा देशभर बातमी झाली. ते पाच लाख लिटर म्हणजे या एका हॉस्टेलचा महिनाभराचा वापर. ही तुलना लातूरच्या माणसासमोर ठेवली की गळका नळ तो वेगळ्या नजरेने बघतो.

कोचिंग क्लासच्या हॉलचं गणितही तिथेच करून घ्या. शांत बसलेल्या माणसाच्या अंगातून साधारण ११५ वॅट उष्णता बाहेर पडते. शंभर मुलं म्हणजे साडेअकरा किलोवॅट, म्हणजे सव्वातीन टन वातानुकूलन फक्त मुलांच्या अंगच्या उष्णतेला. छताची, पश्चिमेच्या भिंतीची आणि बाहेरून आत घ्यायच्या ताज्या हवेची उष्णता वेगळी. दीड-दीड टनांचे दोन एसी लावून ‘एसी चालत नाही’ म्हणून मेकॅनिकला बोलावणारे क्लास किती आहेत, ते तुम्हाला माहीत आहे. आणि दारं-खिडक्या बंद करून शंभर मुलांना बसवणं हा थंडाव्यापेक्षा मोठा प्रश्न आहे. ताज्या हवेची सोय आधी, टनांचा हिशेब नंतर.

इमारतीचं वर्ष हाच अभ्यासक्रम

विषयवार अभ्यासक्रम आखू नका. इमारत ऋतूप्रमाणे आजारी पडते, वर्गही ऋतूप्रमाणे चालवा.

एप्रिल-मे पाणी, गारवा आणि अर्थिंगचे. अर्थिंग हा आपल्या काळ्या मातीचा खास विषय आहे आणि फार कमी ठिकाणी तो नीट शिकवला जातो. काळी माती उन्हाळ्यात आकसते, भेगाळते, इलेक्ट्रोडपासून सुटते. ओलावा गेला की जमिनीचा रोध वाढतो. पावसाळ्यात घेतलेलं चांगलं रीडिंग मे महिन्यात खोटं ठरतं. म्हणून त्याच खड्ड्याचं रीडिंग अर्थ टेस्टरने मेमध्ये घ्या आणि सप्टेंबरमध्ये पुन्हा घ्या, दोन्ही आकडे तुकडीच्या वहीत शेजारी लिहा. एवढ्यावर न थांबता प्रत्येकाच्या घरच्या डीबीत आरसीसीबी आहे का ते बघायला लावा आणि असेल तर त्याचं टेस्ट बटण दाबायला लावा. अनेकांनी ते बटण आयुष्यात पहिल्यांदा दाबलेलं असेल.

जून-जुलै निचऱ्याचे. इथेही तीच काळी माती. ती पावसात फुगते, उन्हात बसते, आणि इमारतीतून बाहेर येणारा सांडपाण्याचा पाइप नेमका भिंतीच्या तोंडाशी तुटतो, कारण इमारत खोल पायावर स्थिर असते आणि चेंबर मातीबरोबर हलतं. तिथे थोडं हलू देणारा सांधा ठेवायचा, हे डिझाइन करणाऱ्याने शिकायचं. चेंबर खचलं की फक्त सिमेंट भरून चालत नाही, हे देखभाल करणाऱ्याने.

जुलै आणि जानेवारी आगीचे. महाराष्ट्र आग प्रतिबंधक व जीवसंरक्षक उपाययोजना अधिनियम, २००६ प्रमाणे ज्या इमारतींना तो लागू आहे, त्यांच्या मालकाने किंवा भोगवटादाराने परवानाधारक संस्थेकडून तपासणी करून यंत्रणा चालू स्थितीत असल्याचं ‘नमुना ब’ प्रमाणपत्र वर्षातून दोनदा, जानेवारीत आणि जुलैत, द्यायचं असतं. वर्गाने या दोन महिन्यांत प्रत्यक्ष हायड्रंट उघडून बघावा. पंप ऑटोवर आहे की कोणीतरी मॅन्युअलवर करून ठेवलाय? फायर टाकीचं पाणी पिण्याच्या कामाला काढलं जातंय का? जिन्याच्या दाराला कुलूप आहे का? प्रमाणपत्र फाइलमध्ये आणि कुलूप दाराला, ही जोडी मला सगळ्यात जास्त घाबरवते.

नांदेडच्या तुकडीत रुग्णालयाची माणसं असतीलच. त्यांच्यासाठी एक पूर्ण दिवस राखून ठेवा. ९ जानेवारी २०२१ च्या मध्यरात्रीनंतर भंडारा जिल्हा रुग्णालयातल्या नवजात बालकांच्या कक्षाला आग लागून दहा बाळं गेली. त्याच वर्षी २१ एप्रिलला नाशिकच्या डॉ. झाकिर हुसेन रुग्णालयात ऑक्सिजनच्या टाकीला गळती लागली, पुरवठ्याचा दाब पडला आणि वीसहून अधिक रुग्ण दगावले. या घटना वर्गात फक्त सांगून सोडू नका. प्रत्येकाने आपल्या रुग्णालयात जाऊन लिहून आणायचं: रात्री दोन वाजता ऑक्सिजनचा मुख्य व्हॉल्व्ह कोणाला माहीत असतो, पर्यायी सिलिंडरची फळी किती मिनिटांत चालू होते, अतिदक्षता विभागातल्या पॉइंटवर किती उपकरणं एका एक्स्टेंशनला आहेत, धूर झाला तर खाटेसकट बाहेर पडायला दार पुरतं का. उत्तर ‘बहुतेक’ असेल तर ते उत्तर धरू नका.

ऑक्टोबरपासून पुढे इमारतीचा सांगाडा, लिफ्ट, आणि नांदेडचा यात्रेचा हंगाम. गुरु-ता-गद्दीच्या त्रिशताब्दीला, २००८ साली, शहरात मोठी कामं झाली, यात्री निवास उभे राहिले. यात्री निवासाचा भार हॉस्टेलसारखा सपाट नसतो. एरवी निम्म्या खोल्या रिकाम्या, आणि दसऱ्याच्या हल्लाबोल मिरवणुकीला एका खोलीत दुप्पट माणसं, सगळ्यांना पहाटे एकाच वेळी गरम पाणी. सरासरीवर काढलेली यंत्रणा इथे हमखास कोसळते. लातूरच्या तुकडीला एकदा दसऱ्याच्या आसपास नांदेडला आणा, नांदेडच्या तुकडीला मे महिन्यात लातूरला न्या. मधे अहमदपूरला जेवण होईल आणि परतीच्या एसटीत जी चर्चा होईल तितकी वर्गात होणार नाही. २००८ च्या सुमारास बांधलेल्या इमारती आता पंधरा वर्षांपलीकडे गेल्या आहेत, हेही लक्षात आणून द्या. सहकारी गृहनिर्माण संस्थांच्या आदर्श उपविधींप्रमाणे पंधरा ते तीस वर्षांच्या इमारतीचं स्ट्रक्चरल ऑडिट दर पाच वर्षांनी आणि तिसाच्या वरच्या इमारतीचं दर तीन वर्षांनी करायचं असतं.

पैसा आणि कागद

इंजिनिअर मंडळींना या भागाचा कंटाळा येतो. त्यांना बसवाच. सहकारी गृहनिर्माण संस्था १९६० च्या कायद्याखाली, अपार्टमेंट १९७० च्या कायद्याखाली. दोन्हींमध्ये खर्च वाटायची रीत वेगळी आहे. संस्थेत सेवाशुल्क सदनिकेमागे सारखं, अपार्टमेंटमध्ये अविभाज्य हिश्श्याच्या प्रमाणात. लिफ्ट बिघडल्यावर भांडण यावरून होतं, मशीनवरून नाही. आदर्श उपविधींप्रमाणे सिंकिंग फंड सदनिकेच्या बांधकाम खर्चाच्या किमान पाव टक्का दरवर्षी, आणि दुरुस्ती निधी पाऊण टक्का. बांधकाम खर्च १२ लाख असेल तर महिन्याला २५० रुपये आणि ७५० रुपये. आपल्या इमारतीत प्रत्यक्षात किती गोळा होतात ते प्रत्येकाने शोधून आणावं. ‘मेंटेनन्स पाचशे रुपये, त्यात सगळं’ असं म्हणणाऱ्या इमारतीला दहा वर्षांनी लिफ्टचा दोर बदलायची वेळ येते, तेव्हा पैसा कुठून येणार, हे गणित कागदावर मांडून दाखवा.

नव्या इमारतींसाठी रेराचं कलम १४ समजावून सांगा. ताबा मिळाल्यापासून पाच वर्षांत रचनेतला, कामाच्या दर्जातला किंवा सेवा-सुविधांतला दोष दाखवून दिला, तर विकासकाने तीस दिवसांत विनाखर्च दुरुस्त करून द्यायचा असतो. सेवा-सुविधा हा शब्द त्यात आहे, म्हणजे पंप, ड्रेनेज, वायरिंगही आलं. पण दोष दाखवायचा तर मूळ काय दिलं होतं हे माहीत हवं. म्हणून ताबा घेताना प्लंबिंगचे आणि विजेचे प्रत्यक्ष केलेल्या कामाचे नकाशे, पंप-लिफ्टची वॉरंटी कार्डं, अर्थिंगचं पहिलं रीडिंग, टाक्यांची मापं, अग्निशमनाची प्रमाणपत्रं मागून घ्यायची यादी वर्गाने स्वतः तयार करावी. वर्गात बसलेला तरुण बिल्डर ही यादी बघून अस्वस्थ होईल. त्यालाच पहिली यादी लिहायला सांगा. पुढच्या इमारतीला तो ती स्वतःहून देईल आणि त्याचं नाव होईल.

शिक्षकाने स्वतःच्या तयारीसाठी राष्ट्रीय इमारत संहिता २०१६ मधले चार भाग उघडे ठेवावेत: आगीचा चौथा, इमारत सेवांचा आठवा, प्लंबिंगचा नववा आणि मालमत्ता व सुविधा व्यवस्थापनाचा बारावा. शिकणाऱ्यांना ही जाडजूड संहिता वाचायला देऊ नका. लागेल तेवढं पान मराठीत, धंद्यातल्या शब्दांत करून द्या. हेड, लोड, ट्रिप, चेंबर, डक्ट हे शब्द तसेच राहू द्या, त्यांना संस्कृत प्रतिशब्द चिकटवून कोणी हुशार होत नाही.

परीक्षा लेखी घेऊ नका. प्रत्येकाने आपली एक इमारत निवडायची, स्वतःची सोसायटी, मालकाचं हॉस्टेल, नोकरीचं रुग्णालय, आणि वर्षाअखेरीस तिची वही सादर करायची. पाण्याचा नकाशा, विजेची एक रेषेतली आकृती, व्हॉल्व्हना लावलेल्या क्रमांकांची यादी, दोन ऋतूंची अर्थिंग रीडिंगं, पंपाचा हिशेब, निधीचा हिशेब आणि वर्षभरात बदललेली एक तरी गोष्ट. तपासायला परीक्षकाने वॉचमनला बोलवावं आणि ती वही त्याच्या हातात द्यावी. त्याला ती वाचून योग्य व्हॉल्व्ह बंद करता आला तर विद्यार्थी पास.

वर्ग सुरू करायला वीस माणसं, एक इमारत, एक प्रेशर गेज आणि उसना आणलेला अर्थ टेस्टर एवढंच लागतं. फी, प्रमाणपत्र, नाव यांचा विचार दुसऱ्या तुकडीच्या वेळी करा. येत्या रविवारी सकाळी तुमच्या स्वतःच्या इमारतीच्या गच्चीवर जा, टाक्या मोजा, त्यांचं भरलेलं वजन काढा आणि तो आकडा जिन्यातल्या फळ्यावर लिहून ठेवा. विचारायला जे पहिले पाच जण येतील, त्यांच्यापासून तुकडी सुरू करा.